गळतं तिथे फुटलेलं नसतं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन दिवेलागणीला, आमच्या माजघरातला बल्ब एकदम लग्नघरातल्यासारखा पेटला. पंख्याने वेगळाच सूर धरला. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर लाल आकडे पळाले, ३१०, ३३५, ३४८, आणि टक् करून त्याने फ्रिजला सोडवलं. तेवढ्यात न्हाणीघराकडच्या पडवीत लवंगी फुटावी तसा आवाज झाला आणि सगळं घर अंधारात गेलं.

सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. निरांजनाची ज्योत हलू न देता त्यांनी विचारलं, "काय गेलं गो?"

वॉशिंग मशीन गेलं होतं. शिवाय दोन एलईडी बल्ब आणि सेट टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर, पण त्यांचं दुःख किरकोळ.

गुहागरला खालच्या पाटात आमचं घर. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीचं आगर, त्यापलीकडे सुरूची झाडं आणि समुद्र. दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पावसाळ्यात पाहुणे कमी, पण जे येतात ते भिजायलाच येतात, आणि भिजून, वाळू घेऊन थेट गादीवर बसतात. आठ चादरी, तितकेच अभ्रे, पंचे. हे सगळं मागीलदारी दगडावर आपटायचं वय माझं राहिलेलं नाही, सासूबाईंचं तर नाहीच नाही. म्हणून त्या मशीनमध्ये आमचा जीव अडकलेला.

दिवे गेले की आमच्या आळीत कोणीतरी "एन्रॉन उशाला, अंधार घराला" म्हणतोच. अंजनवेलचा तो वीजप्रकल्प आमच्याच तालुक्यातला. त्याचा आणि खांबावरच्या जोडाचा काही संबंध नसतो, पण म्हणायला बरं वाटतं. सकाळी वायरमन भर पावसात खांबावर चढला तेव्हा कारण कळलं. फणसाची फांदी तारांवर आली होती आणि न्यूट्रलचा जोड सुटला होता. जोड आधीच खारट हवेने खाल्लेला. ॲल्युमिनियमला इथे पांढरी भुकटी धरते, ती त्याने मला नखाने खरवडून दाखवली.

न्यूट्रल सुटला की काय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खांबावर तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, असतात आणि एक परतीची, न्यूट्रल. कुठल्याही एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट, पण फेज ते फेज मोजलं तर ४०० च्या घरात. आळीतली घरं या तीन फेजवर वाटलेली. न्यूट्रल जागेवर असतो तोवर ज्याचे त्याला २३० मिळतात. तो सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत ओवली जातात आणि ते ४०० व्होल्ट लोडप्रमाणे वाटले जातात. ज्याच्याकडे गिझर, इस्त्री चालू त्याच्या वाट्याला कमी, ज्याच्याकडे एक बल्ब आणि एक पंखा त्याच्या वाट्याला जास्त. शेजारच्या काकूंकडे त्या वेळी गिझर लागलेला होता. त्यांचे दिवे समईसारखे मिणमिणले, आणि त्या आम्हाला विचारायला आल्या की तुमच्याकडेही व्होल्टेज कमी झालंय का. म्हणजे त्या संध्याकाळी काटकसर केली ती आम्हीच, आणि जळलो आम्हीच.

चौथ्या दिवशी चिपळूणहून कंपनीचा मुलगा आला. मशीनच्या वरच्या झाकणाचे मागचे स्क्रू काढले, मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे पाहिलं, वास घेतला. मग खाली वाकून टॉर्च मारला आणि मोटरच्या बाजूला पडलेली एक वाळलेली पाल काढून पेपरवर ठेवली.

"काकी, ही बघा. पालीने शॉर्ट केलान."

पाल बोर्डापासून दोन हात खाली होती आणि तिच्यावर निदान दोन पावसाळ्यांची धूळ होती. पण पुरावा हातात असला की माणसाला दुसरं दिसत नाही. "बोर्ड रिपेर नाय होत. नवीन ५,४००, यायला पंधरा-वीस दिवस." भेटीचे ४५० घेऊन तो गेला. त्याच्यावर राग नाही. त्याला दिवसाला सात-आठ घरं, आणि तो बोर्ड खोलत बसला तर शृंगारतळीच्या पुढे जायला रात्र होईल.

मी १९९१ साली रत्नागिरीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. मग लग्न झालं, सुपारी सोलायला शिकले, मोदकाच्या पाऱ्या एकसारख्या करायला शिकले, आणि सोल्डरिंग आयर्न ट्रंकेत घालून माळ्यावर गेलं. ते काढलं. लाकडी मूठ, २५ वॉट, टोक काळंठिक्कर. टोक घासून कथिलाचा हात देताना मला आमच्या आळीत येणारा कल्हईवाला आठवला. तोही तेच करायचा, भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचं. टोक चांदीसारखं झालं तेव्हा आपण अगदीच विसरलो नाही असं वाटलं.

पहिली अडचण बोर्डावर ओतलेल्या त्या गिचक्याची. या मशीनचे बोर्ड ओलीपासून वाचावेत म्हणून वरून जेलीसारखा, अर्धवट रबरी थर ओतलेला असतो. हेतू चांगला, पण दुरुस्ती करणाऱ्याला शिक्षा. भाचीचं हेअर ड्रायर मागून आणलं, थर कोमट केला आणि नारळाच्या हिराने उकरत बसले. हीर या कामाला फार उत्तम. लवचीक, टोकदार, आणि तांब्याच्या रेघांना ओरखडा काढत नाही. हे काम उघड्या पडवीत करायचं, कारण तापलेल्या त्या थराचा वास छातीत बसतो. दोन दुपारी गेल्या. सासूबाई शेजारी बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दाताच्या डॉक्टरसारखी दिसत्येस."

थर निघाला आणि जळाल्याच्या दोन खुणा दिसल्या. त्या दोन होत्या ही गोष्ट मी पाहिली, पण वाचली नाही. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

एक खूण ठळक होती. मेनच्या वायरी येतात तिथे, व्हॅरिस्टर नावाचा निळा, चपटा, बिस्किटासारखा भाग दुभंगला होता आणि भोवती काजळी उडाली होती, चिमणीची काच फुटल्यावर उडते तशी. दुसरी खूण बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका बारक्या तीन पायांच्या भागाखाली. तिथे काजळी नव्हती. कपबशी उचलल्यावर टेबलावर राहतो तसा तपकिरी, कडेला गडद होत गेलेला चहाचा डाग. मी मनात म्हटलं, तिकडे पण झटका पोचला वाटतं.

आधी काळजीचं सांगते, कारण हे वाचून कोणी उद्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसेल. प्लग काढल्यावरही बोर्डावरचा मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरलेला राहू शकतो. लाटेसारख्या वरखाली होणाऱ्या २३० व्होल्टचं शिखर धरलं तर ३२५ व्होल्ट डीसी, आणि तो झटका माणसाला मागे फेकतो. त्याच्या दोन टोकांना स्क्रू ड्रायव्हर लावून ठिणगी काढणारे बहाद्दर मी पाहिलेत. तसं न करता रेझिस्टरमधून (वीज अडवणाऱ्या भागातून), नाहीतर होल्डरमध्ये लावलेल्या बल्बमधून तो रिकामा करावा आणि मल्टीमीटर लावून शून्य बघावं. दुसरं, अशा पुष्कळ बोर्डांवर ट्रान्सफॉर्मर नसतो. ५ व्होल्टची बाजू दिसायला गरीब, पण मेनशी थेट जोडलेली. ५ व्होल्ट आहेत म्हणून हात लावला तर तो हात फेजलाच लागू शकतो. प्लग लावलेला असताना बोर्डाला बोट लावायचं नाही. मीटरच्या क्लिपा आधी लावायच्या, मग चालू करायचं, वाचायचं, बंद करायचं.

आता मोजमाप. फ्यूज काचेचा, ३.१५ अँपिअरचा. आतून आरशासारखा काळा. काच स्वच्छ असून तार मधेच तुटलेली दिसली, तर तो हळूहळू दमून गेलेला असतो. काच अशी काळवंडली असेल तर पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट झालेला असतो. त्यामुळे नुसता फ्यूज घालून बघणं म्हणजे फ्यूज फुकट घालवणं. आणि फ्यूजच्या जागी तार गुंडाळणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, सासूबाई हे वाचतात.

व्हॅरिस्टरच्या उरलेल्या अर्ध्यावर १०डी४७१के असं वाचता आलं. १० म्हणजे चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये, ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. एसीच्या हिशेबाने ३०० पर्यंत तो गप्प बसतो. त्यावर गेलं की स्वतः वाहायला लागतो आणि जादा व्होल्टेज अंगावर घेतो. वीज कडाडली, क्षणाचा झटका आला, तर तो सहज पचवतो. पण आमच्याकडे आकडा अर्धा मिनिट ३४८ वर होता. एवढा वेळ अंगावर घेतल्यावर तो शिजला, फुटला, शॉर्ट झाला आणि फ्यूज उडवून गेला. नेमून दिलेलं काम त्याने केलं. बोर्ड उघडल्यावर लोक पहिली शिवी त्याला घालतात.

३४८ ला १.४१४ ने गुणलं की शिखर येतं ४९२. हा आकडा मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आणि एकेका भागाला त्यावर तोललं. मोठा कपॅसिटर १० मायक्रोफॅरॅड, ४०० व्होल्टचा. ४९२ पुढे ४०० टिकत नाही. त्याचं डोकं भाकरीसारखं फुगलेलंच होतं. चार डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे, १एन४००७, ते १००० व्होल्ट सोसतात, तरी त्यातले दोन दोन्ही बाजूंनी शून्य दाखवत होते. चांगला डायोड मीटरच्या डायोडच्या खुणेवर एका बाजूने साधारण ०.५ ते ०.६ दाखवतो, उलट्या बाजूने काहीच नाही. हे दोन व्होल्टेजने मेले नव्हते. कपॅसिटर शॉर्ट झाल्यावर जो लोंढा गेला त्यात वाहून गेले. पुढचा १० ओहमचा रेझिस्टर तुटला. त्याच्यापुढे एलएनके३०४ हा आयसी, म्हणजे चिप, ७०० व्होल्टचा. तो ठणठणीत. आठ पायांच्या या आयसीचा एक पाय मुद्दाम गाळलेला असतो, जास्त व्होल्टेजच्या पायाला शेजार नको म्हणून. दमट हवेत दोन पायांमधलं अंतर किती मोलाचं असतं ते बनवणाऱ्याला ठाऊक. मला तो गाळलेला पाय दिसला, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात तीन आठवडे उशिरा शिरला.

सामान गुहागरला मिळत नाही. भाचा डोंबिवलीला असतो, तो शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेला. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण तिथे पत्ता विचारताना ते कोणी घेत नाही. मी प्रत्येक वस्तू पाच-पाच मागवल्या. सगळे मिळून १८५ रुपये. भाच्याने फोनवर सांगितलं, "मामी, दुकानदार हसला. म्हणाला एवढ्याशा बिलाला पिशवी पण हवी का?" रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट दिलं, सकाळी सहाला मी स्टँडवर छत्री घेऊन उभी.

जुने भाग काढले. व्हॅरिस्टरखालचा बोर्ड कोळशासारखा झाला होता. इथे बरेच जण चुकतात. कोळसा वीज वाहून नेतो. तो तसाच ठेवून वर नवीन भाग बसवला, तर त्या काळ्या वाटेने पुन्हा ठिणगी चालते. ब्लेडने खरवडून खालचा स्वच्छ तपकिरी रंग दिसेपर्यंत काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुतला, तुटलेली तांब्याची रेघ जाड वायरीने जोडली. सोल्डरला आमची आजी डाख म्हणायची, कळशीला डाख लावणं. डाख नीट बसला की त्याला चकाकी येते आणि कडा उतरत्या होतात. गोळा होऊन बसला तर तो बसलेलाच नसतो.

लगेच प्लग लावायचा नाही. आधी सिरीज बल्ब. फेजच्या वाटेत एक जुना तारेचा ६० वॉटचा बल्ब घालायचा. बोर्डात शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बोर्ड वाचतो. शॉर्ट नसेल तर क्षणभर चमकून विझतो किंवा मिणमिणतो. एलईडीने हे काम होत नाही, आणि तारेचे बल्ब आता शोधावे लागतात. आमच्याकडे एक आहे, कपड्यांच्या कपाटात, पैठण्यांना बुरशी धरू नये म्हणून श्रावण संपेपर्यंत लावून ठेवलेला. तो काढला. मुख्य बटण दाबलं. बल्ब चमकला, विझला. मीटरवर ४.९८. पुढच्या पॅनेलवर हिरवा दिवा. मी "झालं!" अशी ओरडले की पडवीत झोपलेलं मांजर गडग्यावर गेलं.

बोर्ड मशीनमध्ये बसवला. नळ सोडला. प्लग लावला. आणि मी कुठलंही बटण दाबायच्या आत मशीनमध्ये पाणी यायला लागलं.

प्लग काढला, थांबलं. लावला, आलं. पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हला वीज देणारा ट्रायॅक, म्हणजे बटणासारखं काम करणारा भाग, शॉर्ट झाला होता. तोच तो तीन पायांचा, वाटाण्याच्या डाळीसारखा एका बाजूने चपटा भाग, बीटी१३१-६००, ज्याच्याखाली चहाचा डाग होता. मी म्हटलं, हाही त्या संध्याकाळीच गेलेला. तसले ट्रायॅक भाच्याने पाठवले नव्हते, पुन्हा बस, पुन्हा छत्री. एकाला १२ रुपये. बसवला, डाग वरवर पुसला, मशीन चालू. घरात जयजयकार. ह्यांनी आळीत चार ठिकाणी सांगितलं.

अकरा दिवस चाललं.

त्या अकरा दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. पाहुण्यांच्या उत्तरेकडच्या खोलीत गादीवर पाणी पडायला लागलं. थेंब जिथे पडत होता त्याच्या बरोबर वरची कौलं ह्यांनी काठीने वर उचलून, सारखी करून पाहिली. गळणं थांबेना. दोन कौलं बदलली, तरी तेच. सासूबाईंनी खालून, दारातूनच, टॉर्च वर, कौलांखालच्या लाकडी रिपांवर मारून घेतला आणि म्हणाल्या, "गळतं तिथे फुटलेलं नसतं हो. रिपेवरून माग काढ." खरंच, तीन ओळी वर, कोनवाशाजवळ, एका कौलाचा कोपरा गेला होता. तिथून शिरलेलं पाणी वाशाच्या खालच्या अंगाने हातभर चालत येऊन एका गाठीशी थबकायचं आणि तिथून गादीवर. ही शेकारणीची, कौलं सारखी करण्याची, साधी गोष्ट, इथे पोरासोरांना माहीत. मी म्हटलं, बरं झालं सापडलं, आणि विसरून गेले.

बाराव्या दिवशी सकाळी मशीनचं झाकण उघडलं तर आत अर्धी टाकी पाणी. रात्री कोणी लावलं नव्हतं. तेव्हा सासूबाई सहज म्हणाल्या, "मागेपण असायचं की थोडंथोडं. मला वाटलं तूच भिजत घालतेस."

"मागे म्हणजे कधी?"

"दिवे मोठे झाले त्याच्या आधी. वटपौर्णिमेच्या सुमारास."

म्हणजे न्यूट्रल सुटायच्या कितीतरी आधी. मी भिंतीवरच्या कागदाजवळ जाऊन उभी राहिले. ४९२. ट्रायॅकच्या नावात शेवटी ६०० आहे, तेच त्याचे व्होल्ट. ४९२ ने ६०० चा मरायचं कारण नव्हतं. प्रवाहाचं म्हणाल तर तो १ अँपिअर सोसतो. व्हॉल्व्हची कॉइल मोजली, ३.९ किलोओहम, म्हणजे त्यातून वाहणार जेमतेम ६० मिलिअँपिअर, तेही फार झाले. त्याला गरम व्हायलासुद्धा कारण नाही. आकडे तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर लटकत होते आणि मी त्यांच्यापुढून चादरी घेऊन ये-जा करत होते.

बोर्ड पुन्हा काढला. यावेळी आयग्लास, घड्याळजी लावतात ते भिंग, लावून डागाकडे पाहिलं. काजळी एकदम उडते. हा डाग मात्र मुरलेला होता. ट्रायॅकच्या दोन पायांमध्ये केसाएवढी काळी रेघ, फांद्या फुटलेली, कोरड्या ओढ्याच्या नकाशासारखी. भोवती हिरवट-पांढरी खपली, तांब्याच्या घंगाळाला धरते तशी. पाणी आणि मीठ मिळून दोन पायांत वाट करतात, त्या वाटेने किंचित वीज झिरपते, तिच्या उष्णतेने बोर्ड करपतो, करपलेला भाग जास्त वाहतो. असं महिनोन्महिने चाललं असणार. नवा ट्रायॅक मी त्याच रेघेवर नेऊन बसवला होता. व्हॅरिस्टरखालचा कोळसा खरवडायचं शहाणपण मघाशी तुम्हाला शिकवलं, आणि इथे नुसता फडका मारला.

पण बोर्डावर पाणी आलं कुठून? वरून झाकण, खाली प्लॅस्टिकची पेटी, त्यात तो जेलीचा थर. पेटीत पाणी ओतल्याची खूण नाही.

"रिपेवरून माग काढ."

प्लग काढून ठेवला, मागचं झाकण उघडं, आणि व्हॉल्व्हपासून बोर्डाकडे येणाऱ्या वायरींवर तांदळाची पिठी भुरभुरली. मोदकाची, घरात तीच होती. मग नळ पूर्ण सोडला आणि स्टूल घेऊन बसले. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग व्हॉल्व्हच्या आट्यांपाशी, जिथे नळाची नळी पिळून बसवतात तिथे, मोहरीएवढा थेंब जमला. तो खाली पडला नाही. व्हॉल्व्हच्या अंगावरून घसरला, निळ्या वायरीवर आला आणि वायरीच्या खालच्या अंगाने चालायला लागला. पिठीत मागे एक ओली, करडी रेघ. वायर व्हॉल्व्हपासून बोर्डापर्यंत सरळ उतरती होती. वीतभर गेल्यावर थेंब थांबला, फुगला, आणि वायर ज्या भोकातून पेटीत शिरते त्या भोकातून आत गेला. तिथून दोन बोटांवर ट्रायॅक. जेलीचा थर वायरीच्या मुळाशी सुटलेला होता, आणि त्या फटीत पाणी अडकून बसत होतं, बाहेर यायला वाट नाही. ओलीपासून वाचवायला घातलेल्या थराने ओल धरून ठेवली होती.

मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकून पाहिलं. पिठीतल्या रेघेकडे बघून म्हणाल्या, "पिठी कशाला नासलीस? राख नव्हती चुलीत?"

बाकीचं काम मग तासाभराचं. नळीतला रबरी वायसर कडक होऊन चिरला होता, नवा १० रुपयांना. ट्रायॅकखालचा बोर्ड खोल खरवडला, करपलेला भाग छोट्या ड्रिलने आरपार काढूनच टाकला, म्हणजे दोन पायांमध्ये आता नुसती हवा. नवा ट्रायॅक जरा वर उचलून बसवला. वरून सिलिकॉनचा हात दिला. त्यातही एक गंमत आहे. दुकानात सहज मिळतं त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास म्हणजे आम्ल, तांब्याला खातं. वास न येणारं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्यायचं. न्यूट्रल हा शब्द या प्रकरणात माझ्या पाचवीला पुजलेला.

आणि वायर. ती सरळ बोर्डाकडे उतरू न देता खाली झोळ देऊन परत वर चढवली, आणि झोळाचा तळ सुंभाने बांधून ठेवला. थेंब आलाच तर झोळाच्या तळाशी येऊन खाली जमिनीवर पडेल, चढ चढून पेटीत जाणार नाही. अँटेनाची वायर खिडकीतून आत घेताना वडील असाच झोळ द्यायचे. मला लहानपणी वाटायचं वायर जास्त झाली म्हणून लोंबते.

पहिल्या दुखण्याचं औषध वेगळं. घराच्या वीजमीटरजवळ एक व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला. २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की तो सगळं घर तोडतो आणि सुरळीत झाल्यावर मिनिटभराने जोडतो. वायरमनने बसवून दिला. आल्यापासून दोनदा पडलाय. दोन्ही वेळा शेजारच्या काकूंचे दिवे चालू आणि आमचे बंद, त्यामुळे त्यांचं मत त्या यंत्राबद्दल चांगलं नाही.

मशीन आता व्यवस्थित चालतंय, महिना झाला. वाळलेली पाल मी टाकली नाही, ती काडेपेटीत आहे, चिपळूणचा मुलगा परत कधी आला तर दाखवीन म्हणून. उरलेले चार व्हॅरिस्टर, चार ट्रायॅक आणि कपॅसिटर मसाल्याच्या जुन्या डब्यात, तळाशी तांदूळ घालून.

चादरी मात्र वाळत नाहीत. स्पिन कितीही करा, या हवेत तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात. शेवटी माजघरात, सोडणं (नारळाची सुकी सालं) जळतात त्या चुलीवरच्या दोरीवर टाकाव्या लागतात. मागच्या शनिवारी पुण्याहून एक जोडपं आलं होतं. सकाळी चहाला बसताना ती मुलगी म्हणाली, "काकू, चादरींना किती छान वास येतो, तुम्ही कुठलं फॅब्रिक कंडिशनर वापरता?" मी सांगणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी आतून आवाज दिला, "सोडणं म्हणावं. नारळाची."